खुलासा : ‘स्वयम्’ या केंद्र सरकारच्या ऑनलाइन शिक्षणाच्या पोर्टलचे कोर्स कसे बनतात

“स्वयम्‌वरचे कोर्स म्हणजे वर्गातलं जुनं रेकॉर्डिंग, चढवलं की झालं” हा मेसेज आपल्या ग्रुपवर फिरतोय. तसं नाहीये. प्रत्येक कोर्सला चार भाग लागतात: व्हिडिओ, वाचनसाहित्य, स्वयंचाचणी आणि शंकांसाठी चर्चामंच. एकट्या प्राध्यापकाच्या आवाक्यातलं हे काम नव्हे. मी स्वतः अशा एका कोर्सला सहायक होते. सरांचं खोकणं, अडखळणं एडिटर कापायचा; सबटायटलमध्ये ‘मॅट्रिक्स’चं ‘मॅट्रेस’ झालेलं मी दुरुस्त करायचे. रात्री अकराला आलेल्या शंकाही आमच्याच वाट्याला! हां, २००३ पासूनच्या एनपीटेलचे (आयआयटी-आयआयएससीचा ऑनलाइन कोर्सचा उपक्रम; त्याचे कोर्स ‘स्वयम्’वरही असतात) काही व्हिडिओ खरंच वर्गात चित्रित झालेत. गैरसमज तिथूनच झाला असावा. तो मेसेज कृपया पुढे पाठवू नका. पाठवला असेल, तर त्याच ग्रुपवर हा खुलासाही टाका.