कानामागून आली, महाग झाली

"बजेट किती?" हा प्रश्न सोपा असतो. मनातल्या आकड्याच्या निम्मा सांगायचा आणि दुप्पट देऊन बाहेर पडायचं, एवढं आपण घरातल्या लग्नांच्या खरेदीत शिकलेलो असतो. उंची इयरफोन विकणारा माणूस मात्र पुढे दुसराही प्रश्न विचारतो आणि तिथे भल्याभल्यांची भंबेरी उडते.

"सर, तुम्ही ऐकता काय?"

ठाण्याच्या नौपाड्यात वाढलेला माणूस यावर "शास्त्रीय" म्हणतो. दुसरं काही म्हणायची त्याची छातीच होत नाही. गडकरी रंगायतनच्या मध्यंतरात बटाटेवडा खाताना चार लोकांसमोर रागाचं नाव बरोबर ओळखलेलं असलं की हे उत्तर जन्मभर जपावं लागतं. मीही "शास्त्रीय" म्हणालो. मागे उभा असलेला भाचा खोकला.

मुळात या सगळ्याला तोच कारण. ऐरोलीला आयटीत आहे, लग्न व्हायचंय, त्यामुळे हाताशी पैसा आहे आणि तो कशात घालवायचा हे ठरवायला वेळही आहे. गणपतीत आमच्याकडे आला तेव्हा माझ्या कानातली ब्लूटूथची पांढरी बोंडकं बघून त्याने असा चेहरा केला की मला वाटलं मोदकात काहीतरी निघालं. "मामा, हे काढा आधी," म्हणाला आणि खिशातून एक चामड्याची डबी काढली. त्यातल्या वायरी कानावरून मागे वळवून घ्यायच्या असतात. चष्म्याची काडी त्यांच्या वर बसवायची की खाली, यावर थोडा खल झाला. मग त्याने माझ्या कानांत ती दोन बोंडं फिरवून घट्ट बसवली आणि भीमसेनजींची एक जुनी मैफल लावली.

तंबोरे दोन होते. दोन. डावीकडचा किंचित आधी छेडला जात होता, उजवीकडचा त्याच्या मागोमाग. मैफलीत समोर बसून हे कळलं नव्हतं, कारण मैफलीत माझ्या समोर नेहमी कुणीतरी उंच बसतो.

"कितीचं रे हे?"

त्याने आधी स्वयंपाकघराकडे बघितलं, आवाज मंद्रात नेला आणि किंमत सांगितली. वर म्हणाला, "आईला बोलू नका."

या वस्तूला इन-इअर मॉनिटर म्हणतात, जाणकार नुसतंच आयईएम म्हणतात. मुळात ही मंचावरच्या कलाकारांची गरज. १९९५ च्या सुमारास व्हॅन हेलन या अमेरिकन रॉक बँडच्या ड्रमरला मंचावरच्या गदारोळात नीट काही ऐकू येईना, म्हणून त्यांच्या साउंड इंजिनिअरने, जेरी हार्वेने, त्याच्यासाठी कानात बसणारे मॉनिटर घडवले आणि त्यातून अल्टिमेट इअर्स ही कंपनी उभी राहिली. म्हणजे ज्याने दणदणाट करायचा त्यालाच तो सोसेना, म्हणून हा शोध लागला. आमच्या चौकातल्या ढोल-ताशा पथकापर्यंत ही बातमी अजून पोचलेली नाही.

भाच्याने मग मला अभ्यासाला बसवलं. दीड-दोन हजारांपासून चार-पाच लाखांपर्यंत काहीही मिळतं. सेनहायझरच्या आयई ९०० मध्ये दर कानाला ७ मिलिमीटरचा एकच ड्रायव्हर, म्हणजे आवाज काढणारा इवलासा स्पीकर, आणि सिक्स्टीफोर ऑडिओच्या यू-ट्वेल्व्ह-टी मध्ये दर कानाला बारा. एका कानात बारा! आमच्या सोसायटीच्या वार्षिक सभेला एवढी डोकी जमत नाहीत, आणि जमली तरी एका सुरात बोलत नाहीत. नेमकी तीच अडचण इथेही असते. बारा जणांत कामाची वाटणी करावी लागते. खर्ज एकाकडे, मधला भाग दुसऱ्याकडे, वरचा तिसऱ्याकडे. ही वाटणी करणाऱ्या सर्किटला क्रॉसओव्हर म्हणतात. ते उत्तम असेल तर बाराच्या बारा मिळून एक गळा होतात. नसेल तर मंद्रातून निघालेली तान वर जाताना वाटेतच पोत बदलते, आणि बुवा एका घराण्यात सुरू करून दुसऱ्यात संपवतात.

घरी हा विषय मी चहाच्या वेळी, अगदी सहज काढला. बायकोने किंमत ऐकली, कप खाली ठेवला आणि म्हणाली, "तेवढ्याचं सोनं घेतलं तर अडीनडीला मोडता तरी येतं." यावर भाच्याने आयसोलेशन हा मुद्दा पुढे केला. बोंडांवर फोमच्या टिप्स, म्हणजे मऊ टोप्या, घातल्या की बाहेरचा आवाज वीस-पंचवीस डेसिबलने सहज कमी होतो. घोडबंदर रोडवरच्या मेट्रोच्या कामापासून शेजारच्यांच्या ड्रिल मशीनपर्यंत सगळं बंद.

"कुकरच्या शिट्ट्या?" तिने विचारलं.

"अजिबात ऐकू येणार नाहीत, मामी!" भाचा अभिमानाने म्हणाला.

"मग नको."

यानंतर त्याला ओट्यावरची कोथिंबीर निवडायला बसवण्यात आलं.

मी परीक्षणं वाचायला लागलो. त्या लेखनाचा एक वेगळाच बाज आहे. बेस, म्हणजे खालचे सूर, "भरीव पण आटोपशीर" असतो, मिड्स, म्हणजे मधले, "जरा मागे सरकून बसलेले" असतात आणि ट्रेबल, म्हणजे वरचे, "हवेशीर" असतो. दोन खोल्या आणि बाल्कनी जोडली तर हीच मजकुराची पट्टी कासारवडवलीच्या कुठल्याही नव्या टॉवरच्या जाहिरातीत चालेल. माझी खरी तक्रार वेगळी होती. लिहिणाऱ्या प्रत्येकाने ते रॉकवर, जॅझवर किंवा इलेक्ट्रॉनिक संगीतावर तपासलेलं. कुणीही "तंबोऱ्याची जवारी, म्हणजे तारांचा तो झंकार, कशी वाटते" असं लिहीत नाही. "डग्ग्यावर मनगट दाबून काढलेला घिस्सा शेवटपर्यंत ऐकू येतो का," हेही कुणी सांगत नाही. तेव्हा आपली फूटपट्टी आपणच करणं भाग होतं, आणि हे काम मला मनापासून आवडलं. सगळ्या खरेदीत तेवढाच भाग मला कळला असं म्हणायला हरकत नाही.

तंबोऱ्यात मूळ स्वरापेक्षा त्याच्या वरच्या स्वरांची गर्दी जास्त. जवारीचा दोरा तारेखाली नीट लागला की हे वरचे स्वर एकेक करून उमलतात. ट्रेबल दाबलेला असेल तर तंबोरा नुसता घुमतो, आणि पाच ते आठ हजार हर्ट्झच्या पट्ट्यात उंचवटा असेल तर तो करकरतो. शिवाय गायकाचा प्रत्येक "स" आणि "श" कानाला टोचतो. मराठी पदांत सखी, साजणी, श्रीहरी यांची रेलचेल, म्हणजे हे टोचणं नाट्यगीताच्या दोन अंतऱ्यांत असह्य होतं. दायाँ, म्हणजे उजव्या हाताचा तबला, ऐकताना चाटेवर, म्हणजे त्याच्या कडेवर, षड्ज स्पष्ट यायला हवा. तबला-मृदंगाला स्वर का असतो, मधल्या काळ्या शाईमुळे त्यांचे वरचे स्वर सुरेल पटीत कसे येतात, हे सी. व्ही. रामन यांनी १९२० साली नेचर या नियतकालिकात मांडलं होतं. तो स्वर जर इयरफोनच्या फुगवलेल्या बेसमध्ये बुडणार असेल तर रामन यांच्यावर अन्याय आहे. आणि सारंगी! तिचा जीव मधल्या आणि त्याच्या लगतच्या वरच्या पट्ट्यात असतो. बाजारात खपणारा आवाज म्हणजे खाली धडधड, वर झगमग आणि मधला भाग खोल. त्याला व्ही-आकार म्हणतात. त्यात सारंगीवाला शेजारच्या खोलीत बसवल्यागत होतो आणि हार्मोनियमवाल्याला तर निमंत्रणच नसतं.

हे सगळं वहीत टिपून मी भाच्याला घेऊन दुकानात गेलो, तिथे "ऐकता काय" हा प्रश्न आला, मी "शास्त्रीय" म्हणालो आणि भाचा खोकला, इथपर्यंत सांगून झालंय.

दुकानातला मुलगा विशीतला, अत्यंत नम्र. त्याने स्पिरिटने बोंडं पुसली, आपल्या टॅबवर "इंडियन क्लासिकल" असं शोधलं आणि मला ऐकवली गाढ झोपेसाठीची बासरी, मागे धबधबा. धबधबा फारच तपशीलवार होता. मी म्हटलं, किशोरीताईंचा भूप लाव. तो म्हणाला, "सर, तुमच्याच फोनवरून लावू, तुम्हाला सवयीचं असेल ते." फोन त्याच्या हातात गेला. ॲप उघडलं. अलीकडे ऐकलेलं वरच्या बाजूला आपोआप येतं, हे तेव्हा लक्षात आलं.

एक फक्कड लावणी. तीच लावणी, वेगळ्या बाईंच्या आवाजात. नव्वदच्या दशकातली हिंदी प्रेमगीतं, भाग दोन. रात्रीच्या राजकीय चर्चा. पावसाचा आवाज, आठ तास. आरत्या. पुन्हा लावणी. ख्याल बघायला बोटाने बराच वेळ वर सरकवत राहावं लागलं.

त्या मुलाने माझ्या चेहऱ्याकडे पाहिलं नाही. धंद्यात पुढे जाईल. शांतपणे म्हणाला, "सर, ढोलकी असेल तर थोडा बेस लागेल."

आणि तो चुकला नव्हता. ढोलकीच्या धुमेला थोडं वजन लागतं, वर थापेला धार लागते, आणि बाईंचा आवाज दोन्हींच्या पुढे उभा राहावा लागतो. राजकीय चर्चेला काहीही चालतं. उलट आवाज जितका अस्पष्ट तितकं प्रकृतीला बरं. म्हणजे आता माझ्या वहीतल्या अटी बदलायला हव्या होत्या. भाच्याने तिथल्या तिथे फोनवर नवा तक्ता केला. ख्यालाला त्यात एक रकाना दिला, मामाचा मान म्हणून.

तुलना करतानाही एक पाचर असते. ज्याचा आवाज मोठा, तो चांगला वाटतो. हळू आवाजात कानाला खालचे आणि अगदी वरचे सूर कमी जाणवतात, हे बेल लॅबच्या फ्लेचर आणि मन्सन यांनी १९३३ साली मोजून दाखवलंय. म्हणून दोन जोड्या ताडून बघायच्या तर आधी दोन्हींचा आवाज सारखा करून घ्यावा लागतो. भाचा दर खेपेला खटपट करून तो सारखा करायचा आणि मी दर खेपेला नकळत महागड्याचा वाढवायचो. शिवाय टिप नीट बसली नाही की बेस गळून जातो. माझे दोन कान एका मापाचे नाहीत, हे मला या वयात, गिऱ्हाइकांनी भरलेल्या दुकानात कळलं. डाव्याला मध्यम, उजव्याला लहान.

त्यावर भाच्याने कानाचा साचा घेऊन खास बनवून घेण्याची टूम काढली. त्यासाठी ऑडिओलॉजिस्टकडे, म्हणजे ऐकू किती येतं ते तपासणाऱ्यांकडे, जावं लागतं. तिथे कानात सिलिकॉनचा लगदा भरून ठसा घेतात. तिथल्या बाईंनी आधी तपासणी करू म्हणून काचेच्या खोलीत बसवलं, आवाज आला की बटण दाबायचं. मी इमानाने दाबत गेलो. शेवटी शेवटी बराच वेळ काहीच आलं नाही, तेव्हा मी काचेतून त्यांना खूण केली की मशीन बंद पडलंय. त्यांनी मान हलवली.

आलेख चार हजार हर्ट्झपर्यंत ठीक होता. आठ हजारांशी मात्र त्याने तलावपाळीत उडी घेतलेली दिसत होती. "वयाप्रमाणे आहे, काका," त्या म्हणाल्या. "यंत्राची अजून गरज नाही, पण लागलं तर लाजू नका हं. हल्ली खूप लहान येतात, कळतही नाही." भाच्याने तेवढ्यात ऐकवलं की महागड्या आयईएममधला बॅलन्स्ड आर्मेचर जातीचा इवला ड्रायव्हर मुळात कर्णयंत्रांसाठीच बनलेला आहे. "म्हणजे मामा, तुम्ही हे घेतलंत की निम्मं काम झालंच!" मी खिशातल्या टिपणाची घडी उघडून पाहिली. ज्या जोडीवर माझं मन बसलं होतं, तिच्या खोक्यावर ४०,००० हर्ट्झ असं ठळक छापलेलं होतं. तरण्याताठ्या माणसाचा कान वीस हजारांशी थांबतो. उरलेले वीस हजार आमच्या जिन्यातल्या वटवाघळांसाठी विकत घ्यायचे होते.

साच्याचा बेत तिथेच बारगळला. शेवटी घेतला तो एकाच डायनॅमिक, म्हणजे साध्या स्पीकरच्या घडणीच्या, ड्रायव्हरचा, मधला भाग पुढे असलेला, वर फारसा न चमकणारा, लाखाच्या बराच खालचा. घरी निम्मी किंमत सांगितली. बायकोने ती ऐकली, माझ्याकडे बघितलं, मनात दुप्पट केली आणि काही बोलली नाही. कुकर आता मीच लावतो, म्हणजे शिट्ट्या डोळ्यांनी मोजता येतात.

रात्री सगळे झोपले की जुन्या खाजगी मैफली लावतो. आकाशवाणीच्या स्टुडिओतलं गाणं स्वच्छ असतं, पण मला खाजगीच हवं. कुमारजींचा श्वास ऐकू येतो; एका फुप्फुसावर गाणाऱ्या माणसाने तो कुठे घेतला आणि कुठे चोरला, हे इतकं जवळून ऐकताना आपलाच अडकतो. तबलजी मध्येच हातोडीने गट्ठा ठोकतो. कुणीतरी स्टीलचं भांडं पाडतं. एक गृहस्थ समेनंतर नेमके अर्ध्या मात्रेने "क्या बात है" म्हणतात, प्रत्येक वेळी. आणि त्यांच्या शेजारच्या बाई दुसऱ्या वेळेपासून "श्श" म्हणायला लागतात. या दोघांसाठी मी ती मैफल वारंवार ऐकतो. ध्वनिमुद्रण एकाच मायक्रोफोनवरचं आहे. डावं-उजवं असलं काही त्यात नाही, परीक्षणांत ज्याचं एवढं कौतुक असतं ते साउंडस्टेज, म्हणजे कोण कुठे बसलंय याचं चित्र, त्यात उभंच राहत नाही. तरी त्या बाई उजवीकडेच बसलेल्या आहेत याबद्दल माझी खात्री आहे.

परवा भाचा आला. त्याने माझं यंत्र कानात घातलं, डोळे मिटले, पंचपक्वान्न चाखणाऱ्याची मान केली, आणि लावणी अर्ध्यावर आल्यावर म्हणाला, "छान आहे मामा. फक्त वरचं जरा कमी आहे याचं."

म्हटलं, "माझंही."