‘पिणारी, जेलात जाऊन आलेली बाई सुधारत नाही’ म्हणे!

फॅमिली ग्रुपांवर अधूनमधून एक मजकूर फिरतो. सार एवढंच : जेलात गेली म्हणजे गुन्हेगार, मनावर घेतलं असतं तर दारू सुटली असती, आणि असलीला घरात घेतलं तर पोरं बिघडतील.

पहिलं, गुन्हेगार. राष्ट्रीय गुन्हे नोंद विभागाच्या २०२२च्या आकडेवारीत देशातल्या दर चार कैद्यांतले तीन कच्चे कैदी आहेत, म्हणजे खटला निकाली निघालेलाच नाही. जामीन मंजूर होऊनही आत राहावं लागतं, कारण पैसे भरणारं कोणी नाही. नवरा आत गेला की बायको दागिने गहाण टाकते, वकिलाच्या पायऱ्या झिजवते. बायको आत गेली की सासर फोन उचलत नाही. गरीब कच्च्या कैद्यांच्या जामिनासाठी केंद्राने २०२३ मध्ये चाळीस हजारांपर्यंत मदतीची योजना आणली, ती उगाच नाही. उत्पन्न कितीही असो, बाईला मोफत वकील मिळतो, हेही १९८७च्या कायद्यात आहे. पण आत जाऊन तिला ते सांगणारं कोणीतरी लागतं. टाटा समाजविज्ञान संस्थेचा ‘प्रयास’ हा प्रकल्प १९९० पासून तेच करतोय.

मग ‘मनावर घ्या’. रोज पिणाऱ्या माणसाने एकदम सोडली की हात थरथरतात, झोप उडते, भास होतात, कधी फिट येते आणि त्यात जीवही जाऊ शकतो. तिथे निर्धार नाही, डॉक्टर लागतो. अमली पदार्थविरोधी कायद्याच्या ६४अ कलमानेही हे मान्य केलंय : थोड्या मालासह सापडलेली व्यसनी व्यक्ती स्वतःहून मान्यताप्राप्त केंद्रात उपचार घेत असेल, तर तिच्यावरचा खटला टळू शकतो. किती जणींना हे माहीत असतं? २०१९च्या सरकारी सर्वेक्षणात दारू पिणारे पुरुष २७.३ टक्के निघाले, बायका १.६. त्यामुळे केंद्रं पुरुषांच्या हिशोबाने बांधली गेली. पुण्यात ‘मुक्तांगण’ या व्यसनमुक्ती केंद्राने बायकांसाठी वेगळा ‘निशिगंध’ विभाग काढला, असे अपवाद थोडेच. पुरुषाला दाखल करायला बायको येते. बाईला आली तर आई, नाहीतर बहीण.

राहिली पोरं. इथे आजी-आजोबांची भीती मला खोटी वाटत नाही. पुन्हा प्यायली तर हाल पोरांचेच. पण सहा वर्षांपर्यंतचं मूल आईबरोबर जेलात राहू शकतं. २०२२च्या अखेरीस अशी १,७६४ मुलं होती. जे पोर तिच्या कुशीत बराकीत झोपलं, त्याला बाहेर आल्यावर आईचं तोंड दाखवायचं नाही, हा कुठला न्याय? सुरुवातीचे काही महिने पोर आजीकडे, आईचं रोज येणं-जाणं, असं जमतं.

आणि सुटून आलेल्या बाईचं आधार कार्ड, पासबुक अनेकदा सासरच्या कपाटात अडकलेलं. त्याशिवाय खोली नाही, काम नाही. मग उरते जुनी वस्ती, जिथे फुगा, म्हणजे दारूची पिशवी, दारात मिळतो. तेवढी कागदं कोणी आणून दिली तरी पुष्कळ.

मजकूर पुढे ढकलायचाच असेल, तर खाली १४४४६ हा नंबर तरी टाका. व्यसनमुक्तीची राष्ट्रीय हेल्पलाइन आहे, फोन फुकट लागतो.