‘विमानच बिघडलेले आहे’ या अभिप्रायाला आमचे उत्तर

माननीय महोदय,

रविवारी आपण चिरंजीवांसह आमच्या सिम्युलेटर केंद्रात (जमिनीवरच खोट्या कॉकपिटमध्ये बसून विमान उडवण्याचा अनुभव देणाऱ्या) आलात आणि नंतर दोन स्टार देऊन लिहिलेत की, आठशे रुपये घेऊन पाऊण तासाऐवजी पंचवीसच मिनिटे उडू दिले, शिवाय ‘व्हल्टी व्हेंजन्स’ हे दुसऱ्या महायुद्धातले विमान नाक वर करून उडते, म्हणजे आमचा सिम्युलेटर बिघडलेला आहे आणि ही फसवणूक आहे. आपला व मुलाचा हिरमोड झाला, याबद्दल मी मनापासून दिलगीर आहे. वेळेबाबत एवढेच नमूद करतो की आपले बुकिंग सहाचे होते, आपण सहा वीसला पोहोचलात आणि पावणेसातचे ग्राहक येऊन थांबले होते.

‘फसवणूक’ हा शब्द मात्र जिव्हारी लागला. व्हेंजन्स नाक वर करूनच उडत असे. हे विमान सरळ खाली सूर मारून बॉम्ब टाकण्यासाठी बनवलेले होते. सूर मारताना पंखांच्या उचलीमुळे (विमानाला वर तोलणाऱ्या हवेच्या जोरामुळे) ते लक्ष्यावरून सरकू नये, म्हणून त्याचे पंख धडाला शून्य अंशात, म्हणजे जराही न कलवता, बसवलेले होते. त्यामुळे समतल उड्डाणात पुरेशी उचल मिळण्यासाठी संपूर्ण धडच वर कलते ठेवावे लागे आणि वैमानिकाला समोरचे, विशेषतः उतरताना धावपट्टीचे, नीट दिसत नसे. पुढे मार्क ४ या नंतरच्या प्रकारात पंख चार अंशांत बसवले गेले, परंतु आमच्याकडचे विमान त्याआधीचे आहे. भारतीय हवाई दलाच्या ७ व ८ क्रमांकांच्या स्क्वाड्रननी १९४४ मध्ये ब्रह्मदेश आघाडीवर अशीच विमाने उडवली, आणि ते आपल्या मुलांना अनुभवता यावे एवढ्याचसाठी मी ते ठेवले आहे. स्पिटफायर किंवा मस्टँगसारखे त्या काळचे प्रसिद्ध लढाऊ विमान कोणत्याही सिम्युलेटरमध्ये सहज मिळते; व्हेंजन्स शोधूनही सापडत नाही, म्हणून मित्राच्या मदतीने जुन्या पुस्तिका आणि छायाचित्रे जमवून आम्ही ते दोन वर्षे खपून तयार केले.

आपण कॉकपिटमध्ये बसलात तेव्हा मी शेजारीच उभा होतो. नाक क्षितिजाच्या वर दिसताच आपण स्टिक पुढे रेटत होतात, उंचीमापकाचा काटा उलटा फिरू लागला की घाईने मागे ओढत होतात, आणि सूर मारताना डाइव्ह ब्रेक (वेग आवरणाऱ्या पंखांवरच्या झडपा) उघडण्याची सूचना मी दोनदा देऊनही थ्रॉटल, म्हणजे इंजिनाचा जोर वाढवणारा दांडा, पूर्ण पुढेच राहिला. पहिल्या दिवशी हे कोणाचेही होते, यात आपला काही दोष मी मानत नाही. परंतु त्यानंतर जमिनीवर आदळलेले विमान सदोष होते, असे जाहीरपणे लिहिणे मला योग्य वाटत नाही. केंद्रात दोनच कॉकपिट आहेत, दोन्हींवर बँकेचे कर्ज आहे, आणि नवीन माणूस येण्याआधी हेच अभिप्राय वाचतो.

नवीन ग्राहकांना पंखांची ही गोष्ट आधी समजावून सांगण्याची काहीतरी व्यवस्था आम्ही लवकरच करू, वेळेचेही पाहू. मंगळवारी गर्दी नसते. चिरंजीवांना घेऊन या, पूर्ण पाऊण तास विनामूल्य देईन आणि शेजारी मी स्वतः बसेन. स्टार दोनच ठेवलेत तरी माझी हरकत नाही, परंतु ‘फसवणूक’ हा एक शब्द तेवढा काढावा, ही विनंती.

आपला नम्र,
केंद्रचालक