पेटी शिकवतोच आहे, ताई

ताई, नमस्कार. तुमची प्रतिक्रिया दोनदा वाचली. पहिल्यांदा राग आला, दुसऱ्यांदा जरा कमी आला, म्हणून चार दिवस थांबून लिहितोय.

ज्यांनी मूळ लेख वाचला नसेल त्यांच्यासाठी: 'शाळेत म्युझिक थेरपी' असं नाव देऊन मी पाचवी-सहावीच्या संगीताच्या तासांबद्दल लिहिलं होतं. ताई वीस वर्षं विशेष शिक्षिका आहेत, म्हणजे दिव्यांग मुलांना शिकवतात. त्यांचं म्हणणं थोडक्यात असं, की थेरपी हे शिकलेल्या माणसाचं काम आहे, तुम्ही पेटी शिकवता तर पेटीच शिकवा. अडखळत बोलणाऱ्या मुलाची गोष्ट सांगून पालकांना खोटी आशा लावू नका. आणि या नादात बाकीच्यांच्या परीक्षा बुडवू नका.

पहिला मुद्दा मान्य. लेखाचं शीर्षक कालच बदललंय. ब्रिटनमध्ये 'म्युझिक थेरपिस्ट' हे नाव कायद्याने राखलेलं आहे, नोंदणी नसेल तर ते लावता येत नाही. मी विशारद आणि बी.एड., बस. थेरपीत समोर एक ठरावीक मूल असतं, आधी त्याची नीट तपासणी होते, त्याच्यापुरतं उद्दिष्ट ठरतं, दर सत्राची नोंद राहते. माझ्यासमोर ३५ मिनिटं आणि ५२ मुलं असतात. तो शब्द मी वजनदार वाटला म्हणून वापरला होता. चुकलंच.

पण 'उद्या राग ऐकवून ताप उतरवाल' हा टोमणा मला लागू नाही. अमुक राग ॲसिडिटीवर, तमुक रक्तदाबावर, हा व्हॉट्सॲपवर फिरणारा तक्ता मी वर्गात कधी आणलेला नाही. 'मोझार्ट ऐकवला की मूल हुशार होतं' या दाव्याचंही तेच. १९९३ साली 'नेचर'मध्ये जो प्रयोग छापून आला, तो ३६ कॉलेजवयीन मुलांवरचा होता. एका प्रकारच्या कोड्यांत ती जरा बरी ठरली आणि तो परिणाम दहा-पंधरा मिनिटांत ओसरला. पुढे पाच वर्षांत अमेरिकेतल्या जॉर्जिया राज्याचे गव्हर्नर नवजात बाळांना सीडी वाटायला सरकारी पैसे मागत होते! यावर तुम्ही-आम्ही एकाच बाजूला आहोत.

मग मी घेतो काय? एकच उदाहरण देतो. मधली सुट्टी संपून मुलं वर्गात येतात तेव्हा अंगात वारं शिरलेलं असतं. पूर्वी मी तानपुरा लावून 'शांत बसा' म्हणायचो आणि दहा मिनिटं घसा बसवायचो. आयरा आल्टशुलर नावाच्या अमेरिकन मनोविकारतज्ज्ञाने १९४०च्या दशकात मांडलेलं एक तत्त्व आहे: माणूस ज्या मनःस्थितीत असेल तिथूनच संगीत सुरू करायचं आणि हळूहळू हवं तिकडे न्यायचं. आता मी मिनिटाला १२० मात्रांच्या लयीत केरवा, म्हणजे आठ मात्रांचा ठेका, धरतो, मुलं बाकांवर थापा मारतात, शेजारच्या वर्गातल्या बाई डोकावतात. मग लय उतरवत उतरवत ७०पर्यंत आणतो. तिथे तानपुरा लावला की ऐकू येतो. याला थेरपी म्हणू नका. तास घ्यायची रीत म्हणा.

पेटीचंही सांगतो, कारण तुम्ही पेटीवरच बोट ठेवलंत. काळी तीनला, म्हणजे तिसऱ्या काळ्या पट्टीला, सा धरा आणि फक्त काळ्या पट्ट्या दाबा. भूप राग वाजतो. म आणि नि हाताखाली येतच नाहीत, त्यामुळे ज्याची बोटं नीट वळत नाहीत त्या मुलालाही बेसूर वाजवता येत नाही. (त्याच पाच पट्ट्यांवर सा काळी एकला नेला तर दुर्गा, काळी पाचला नेला तर मालकंस. मुलांना हे जादूसारखं वाटतं, आणि खरं सांगायचं तर मलाही.)

आता अडखळत बोलणारा मुलगा. इथे तुम्ही मला बरोबर पकडलंत. 'दोन महिन्यांत फरक पडला' असं मी लिहिलं होतं. माझ्या तासाला हजेरी केरव्याच्या ठेक्यावर होते, प्रत्येकाने समेवर, म्हणजे ठेक्याच्या पहिल्या मात्रेवर, आपलं नाव सांगायचं. ठेक्यात तो अडखळत नाही. पण गाताना किंवा तालावर बोलताना अडखळणं बहुतेकांचं थांबतं, त्यात माझं कसब काही नाही. तास संपल्यावर 'सर, पाणी पिऊन येऊ?' विचारताना तो पूर्वीइतकाच अडकतो. फरक पडला तो दुसरीकडे. कधी कधी त्याची सम हुकते, ठेक्याचं एक आवर्तन मोकळं जातं, आणि वर्गात कोणी हसत नाही, कारण ठेका चालूच असतो. सगळे पुढच्या समेची वाट बघतात. मी हे असं लिहायला हवं होतं. त्याच्या आईवडिलांना स्पीच थेरपिस्टकडे जायला सांगितलंय.

परीक्षांचं: यंदा १४ मुलं संगीताच्या प्रारंभिक परीक्षेला बसली, सगळी पास झाली. पुढे दहावीचे वाढीव गुण कोणाला मिळायचे ते मिळतील.

राहिलं 'पेटीच शिकवा'. ताई, चार वर्षांपूर्वी मी फक्त पेटीच शिकवत होतो. स्नेहसंमेलनाची तालीम चालली होती. वर्गातला एक मुलगा स्वमग्न आहे हे मला कागदावर माहीत होतं. लेझीम जोरात होती, मी त्याच्या मागून झांज वाजवली. त्याने कान दाबले आणि तो बाकाखाली शिरला. मला वाटलं, नखरे. मी वाकून त्याचे हात धरले आणि कानांवरून काढले. पुढचे तीन आठवडे संगीताच्या तासाला तो दाराबाहेर उभा राहायचा, पाठ माझ्याकडे करून.

हे मी संगीत शिकवतानाच केलं, थेरपीचा थ सुद्धा माहीत नसताना. तेव्हापासून वाचायला लागलो. दिव्यांग हक्कांच्या २०१६च्या कायद्यात २१ प्रकार आहेत, आणि अशी मुलं नेहमीच्या शाळेत, माझ्या वर्गात येणं हा त्यांचा हक्क आहे. मी शिकलेला असो वा नसो, ती येणारच. त्यांना बरं करणं माझं काम नाही, हे कबूल. पण झांज वाजवण्याआधी बोट वर करून खूण करायची, तिच्या आतून कापडाची पट्टी लावायची, एक जागा दाराजवळ मोकळी ठेवायची, एवढं कळायला मला तुमच्या क्षेत्रातली पुस्तकं चाळावी लागली. संगीताच्या अभ्यासक्रमात ते कुठेच नव्हतं.

तुम्ही नोंदींबद्दल विचारलंत. जूनपासून वही ठेवतोय: तारीख, काय वाजवलं, कोण उठून गेलं, कोण परत आलं. त्यातली एक गोष्ट मला उलगडत नाही, ती तुम्हालाच विचारतो. तोच स्वमग्न मुलगा आता स्वतः झांज मागून घेतो आणि दणक्यात वाजवतो, कापड काढून. पण दुसऱ्या कोणी तीच झांज हळू वाजवली तरी कान झाकतो. आपल्या हातातला आवाज कधी येणार हे आधी ठाऊक असतं, म्हणून असेल का? की आणखी काही? आणि स्नेहसंमेलनात त्याच्या हाती झांज द्यावी की नाही? तालमी पुढच्या सोमवारपासून आहेत.