लस, काढा आणि खोकला: त्या फॉरवर्डला उत्तर

एकाच दिवसात तो मेसेज मला चार ग्रुपवर आला. गल्लीचा, शाळेचा, सोयऱ्यांचा आणि सकाळी बेळगावच्या व्हॅक्सिन डेपो मैदानावर फिरायला जाणाऱ्यांचा. त्यात थोडक्यात असं आहे: हल्ली येणारे हार्ट अटॅक सगळे लसीमुळं, कोरोना घरीच बरा झाला असेल तर हृदयाला काही होत नाही, दम लागत असेल तर तो आळस, रोज पाच किलोमीटर पळा, डी-डायमर ही रक्ताची तपासणी करून रक्त पातळ करायची गोळी घ्या, लसूण-आलं-लिंबाच्या काढ्यानं ब्लॉकेज सुटतात, आणि अटॅक आलाच तर जोरजोरात खोका.

मी औषधाच्या दुकानात बसतो, डॉक्टर नव्हे. पण या मेसेजचं गिऱ्हाईक माझ्याच काउंटरवर येतं म्हणून लिहितोय.

आधी लस. मेसेजमध्ये आपल्या कर्नाटकचे तेव्हाचे मुख्यमंत्री सिद्धरामय्या यांचा दाखला आहे, आणि तेवढं खरंच आहे, 2025 च्या मे-जूनमध्ये हासन जिल्ह्यात तरुण माणसं गेल्याच्या बातम्या आल्या तेव्हा सिद्धरामय्यांनी लसीवर शंका घेतली होती. पण त्याच सरकारच्या समितीचा, म्हणजे जयदेव हृदयरोग संस्थेचे डॉ. रवींद्रनाथ यांच्या समितीचा, अहवाल जुलैमध्ये आला आणि त्यात लसीचा संबंध सापडला नाही, ते वाक्य मेसेजवाल्यानं बरोब्बर गाळलंय. त्याआधी आयसीएमआरनं, म्हणजे केंद्राच्या वैद्यकीय संशोधन परिषदेनं, 47 हॉस्पिटलांतून 18 ते 45 वयाच्या, वरवर ठणठणीत असून अचानक गेलेल्यांचा अभ्यास केला होता. त्यात दोन डोस घेतलेल्यांना धोका उलट कमी दिसला. वाढलेला कुणाला? कोरोनासाठी ॲडमिट झालेल्यांना, घरात कुणी असं अचानक गेलेलं असलेल्यांना, आदल्या दोन दिवसांत भरमसाट दारू प्यालेल्यांना आणि अंग मोडून व्यायाम केलेल्यांना.

लसीचे दुष्परिणाम नव्हतेच असं मी म्हणत नाही. फायझर-मॉडर्नासारख्या एमआरएनए लसीनंतर तरुण पोरांत हृदयाच्या स्नायूला सूज यायच्या केसेस झाल्या, कोव्हिशील्डनंतर क्वचित गुठळ्या झाल्या. पण ते डोसनंतर काही दिवसांत, फार तर काही आठवड्यांत. 2021 ला घेतलेली लस चार वर्षं दडून बसून 2025 ला अटॅक देते हे कुठं बसत नाही. आणि गंमत बघा, हे सगळं आपण ज्या मैदानात चकरा मारत वाचतो तिथं एकेकाळी देवीची लस तयार व्हायची!

आता दुसरा मुद्दा, माझ्या मते सगळ्यात घातक. 'घरीच बरा झालो म्हणजे सुटलो.' अमेरिकेत निवृत्त सैनिकांवर मोठा अभ्यास झाला, दीड लाखावर कोरोना झालेली माणसं, 2022 ला छापून आला. वर्षभरात हार्ट फेल्युअरचा, म्हणजे हृदयाचं पंपिंग कमी पडण्याचा, धोका 72 टक्के जास्त. आकडा ऐकून घाबरू नका, म्हणजे हजारात साधारण 12 जण जास्त, आणि ती माणसं बहुतेक वयस्कर पुरुष होती. पण ॲडमिट न झालेल्यांतही धोका थोडा वाढलेला होता, हे महत्त्वाचं. विषाणू रक्तवाहिनीच्या आतल्या अस्तराला सूज आणतो, रक्त गोठायला लागतं, आधीच चरबी साठलेली असेल तर ती फुटते. हे फक्त कोरोनाचंच नव्हे, साध्या फ्लूनंतरही पहिल्या आठवड्यात अटॅकचा धोका सहापट दिसलाय. त्यात आपला निपाणी पट्टा म्हणजे तंबाखूचं माहेर, विडी, गुटखा, बायकांची मशेरी. त्याबद्दल मेसेजमध्ये एक अक्षर नाही.

दम लागणं म्हणजे आळस? आमच्या बाबांना दुसऱ्या लाटेत नऊ दिवस ऑक्सिजन लागला. घरी आले, एक्स-रे चांगला, आणि दोन महिन्यांनी न्हाणीपर्यंत गेले तरी बोटाच्या मशीनवर नाडी 128. एका डॉक्टरनं "टेन्शन घेऊ नका" म्हणून वाटेला लावलं. दुसऱ्यानं झोपवून नाडी मोजली, मग उभं करून दहा मिनिटं मोजत बसला, ईसीजी आणि इको, म्हणजे हृदयाची सोनोग्राफी, केला. इको नॉर्मल, पण उभं राहिलं की नाडी तीसच्या वर उडी मारायची. औषध काय, तर पाणी, थोडं जास्त मीठ (बीपी नसल्यामुळं चाललं, नाहीतर डॉक्टरला विचारूनच), घट्ट मोजे आणि चालणं पाच मिनिटांपासून. जास्त चाललं की दुसऱ्या दिवशी अंथरुणात. पूर्ववत व्हायला वर्ष लागलं. त्यांना पाच किलोमीटर पळवलं असतं तर?

डी-डायमरचं एवढंच, तो वय, मार, ऑपरेशन, गरोदरपण, कुठल्याही इन्फेक्शननं वाढतो. नुसत्या त्या आकड्यावर रक्त पातळ करायला गेलात तर पोटात रक्तस्राव व्हायचा.

काढ्यावर मात्र राग येतो. शहापूरचे एक काका, हृदयाच्या रक्तवाहिनीत स्टेंट म्हणजे जाळी टाकून सात महिने झालेले. दोन महिने गोळ्या न्यायला आले नाहीत. रस्त्यात भेटले तर म्हणाले, "काढा घेऊलालोय की, कशाला गोळ्या?" मी तिथंच उभ्या उभ्या डॉक्टरांना फोन लावून दिला. स्टेंट नवीन असताना रक्ताची गुठळी होऊ न देणाऱ्या त्या दोन गोळ्या सोडल्या तर स्टेंटमध्येच गुठळी होऊ शकते, आणि लसूण ती थांबवत नाही. लसूण खावा की, आमटीत.

राहिला खोकला. खोकून अटॅक थांबत नाही, वेळ जातो. छाती दाबल्यासारखी, डावा हात, जबडा, घाम, असं झालं की 108 ला फोन. स्वतः गाडी मारत जाऊ नका. आपल्या राज्यात कन्नड नट पुनीत राजकुमारांच्या नावाची हृदय ज्योती योजना आहे, तालुक्याच्या सरकारी दवाखान्यात ईसीजी काढून तो हृदयरोगतज्ज्ञांना दाखवतात आणि गरज असेल तर गुठळी विरघळवायचं महागडं इंजेक्शन फुकट देतात. खानापूरच्या आतल्या गावातून बेळगावला यायलाच तास जातो, म्हणून आधी जवळचा तालुका दवाखाना.