पॉइंट पंच्याऐंशी

सीईटीचा, म्हणजे इंजिनिअरिंगच्या प्रवेश परीक्षेचा, निकाल लागला. साइट दोन तास गोल गोल फिरत होती, आम्ही घरातल्या घरात फिरत होतो आणि ज्याचा निकाल होता तो घोरत होता. शेवटी आकडा दिसला: ९३.४१७२८५६. एवढंच. खरा निकाल लिफ्टमध्ये लागला.

दूध घेऊन वर येत होते. लिफ्टमध्ये तिसऱ्या मजल्यावरचे काका. बँकेतून निवृत्त झालेत, हिशेबातून नाही.

"किती पडले गं?"

"त्र्याण्णव पॉइंट..."

"टक्के की पर्सेंटाइल?"

"पर्सेंटाइल."

"हां, मग ते मार्क नव्हेत. शंभरातली किती मुलं मागे, ते."

तिसरा मजला आला. काका उतरले, पण एक पाय दारातच ठेवून. दार यायचं, चपलेला शिवायचं, दचकून मागे जायचं. काकांनी मोबाइलवर कॅल्क्युलेटर उघडला.

"पॉइंटच्या पुढचं सांग."

गॅसचा ओटीपी सांगावा तसे सातही आकडे सांगितले.

"चार लाख मुलं धरू."

धरली. हातात दुधाच्या चार पिशव्या होत्याच.

"म्हणजे तुझ्या मुलाच्या पुढे सव्वीस हजार तीनशे तीस पॉइंट पंच्याऐंशी मुलं."

"पॉइंट पंच्याऐंशी म्हणजे कोण हो?"

काका खरंच विचारात पडले. दार दोनदा येऊन गेलं. "तो पूर्णच धरायचा. एकतीस कर."

उभ्या उभ्या, माझ्या डोळ्यांदेखत, आणखी एक मुलगा पुढे घातला!

एव्हाना एका पिशवीचा कोपरा ठिबकायला लागला होता. वरून कुणीतरी दारावर थापा मारत होतं. काकांची नजर पिशवीवर गेली. "नुसतं दूधच? पेढे नाहीत?" आणि मग माझ्याकडे न बघता, हळूच, "बरोबर आहे."

ते 'बरोबर आहे' अजून खाली उतरलेलं नाही.

वेगवेगळ्या दिवशी वेगवेगळे पेपर, म्हणून पर्सेंटाइल, हे मान्य. पण सात दशांश स्थळं? सोनाराचा काटासुद्धा तीनवर थांबतो. आमच्या वेळी 'सुटला का?' एवढंच विचारायचे. सुटलो की सगळे सुटायचे.

तसं, मी तरी कुठली साधी? गणिताचा एकेक प्रश्न दोन मार्कांचा, चुकला तरी काही कापत नाहीत, मग तीन प्रश्न सोडलेसच का, हे मी पोराला झोपेतून उठवून विचारलं. काकांपेक्षा वाईट आवाजात. तो म्हणाला, "आई, वेळ संपला." दोन वर्षं क्लासच्या फीचे हप्ते भरले, कॉलेजचं तोंड पोराने प्रॅक्टिकलपुरतं पाहिलं, आणि वेळ संपला.

दुपारपर्यंत पाच फोन. "मॅडम, कॉम्प्युटरच्या थोड्याच सीट उरल्यात." अहो, कॅपचा, म्हणजे सरकारी प्रवेशफेऱ्यांचा, पहिला राउंड व्हायचाय, उरल्यात कुठून? माझा नंबर यांना दिला कुणी? मुलाचं नाव, आकडा, सगळं पाठ. काकांना निदान विचारावं तरी लागलं.

संध्याकाळी सोसायटीच्या ग्रुपवर मेसेज आला: 'बी विंगच्या लिफ्टमध्ये दूध सांडले आहे. संबंधितांनी पुसून घ्यावे.'

खाली पहिला अंगठा काकांचा.