"कोडला हात लावलेला नाही, फक्त कॉन्फिग बदललंय"

सॉफ्टवेअरच्या कामात सगळ्यात घातक वाक्य कुठलं असं कुणी विचारलं तर मी वर लिहिलंय तेच सांगेन. (कॉन्फिग म्हणजे प्रोग्रामने कसं वागायचं ते सांगणाऱ्या सेटिंग्ज.) हे वाक्य कानावर पडलं की रिव्ह्यू करणारा न वाचता अप्रूव्ह करतो, क्यूएला (टेस्टिंग टीमला) कुणी कळवत नाही आणि बदल थेट प्रॉडवर, म्हणजे ग्राहक वापरतात त्या चालू सिस्टीमवर, जातो. वाईट कोडवर आपण सगळेच दिवसभर चिडत असतो, आणि ते रास्तच आहे. पण कोड कितीही वाईट असला तरी तो निदान बिल्ड, टेस्ट आणि रिव्ह्यू या तीन चाळण्यांतून जातो. कॉन्फिग, फ्लॅग (एखादी सोय चालू-बंद करणारी खूण), नियमांची फाइल, डेटाबेसमधलं एखादं टेबल यांना मात्र आपण मागच्या दाराने आत घेतो. माझं मत स्पष्ट आहे: ज्याच्यामुळे चालू प्रोग्रामचं वागणं बदलतं ते सगळं कोडच आहे, आणि त्याला कोडइतकीच कडक तपासणी हवी.

क्राउडस्ट्राइक या सायबर सुरक्षा कंपनीचं उदाहरण घ्या. तिच्या एका अपडेटने जगभरातली लाखो विंडोज मशीन एकाच दिवशी बंद पाडली. त्या दिवशी नेमकं काय बिघडलं ते अजूनही बऱ्याच जणांना नीट माहीत नाही. "टेस्टिंग केलं नाही" एवढ्यावर विषय संपवला जातो. प्रत्यक्षात टेस्टिंग झालं होतं, आणि म्हणूनच हे प्रकरण बारकाईने समजून घ्यायला हवं.

१९ जुलै २०२४, शुक्रवार. भारतात सकाळचे ९ वाजून ३९ मिनिटं. विंडोज मशीनवर बसून हल्ले ओळखणाऱ्या क्राउडस्ट्राइकच्या फाल्कन सेन्सर या प्रोग्रामसाठी एक छोटी फाइल सुटली. या सेन्सरला दोन प्रकारचे अपडेट येतात. एक म्हणजे सेन्सरची नवी आवृत्ती. ती टप्प्याटप्प्याने जाते, आणि ग्राहकाला एक किंवा दोन आवृत्त्या मागे राहण्याची सोयही असते. दुसरा प्रकार म्हणजे हल्ला कसा ओळखायचा याचे नियम असलेली फाइल. ती 'कोड' नाही म्हणून एकदम सगळीकडे जायची. मागे राहण्याची ती सोय या फाइलला लागूच नव्हती. म्हणजे ज्यांनी खबरदारी म्हणून मुद्दाम जुनी आवृत्ती ठेवली होती, त्यांची मशीनही तितकीच पडली.

आता आतलं बघा. फेब्रुवारी २०२४ मध्ये आलेल्या ७.११ आवृत्तीत नियमांचा एक नवा साचा आला. साच्याच्या व्याख्येत २१ रकाने होते. पण चालू प्रोग्राम त्या नियमांना तुलनेसाठी फक्त २० किमती पुरवत होता. हा फरक कंपायलरने (कोडचा चालणारा प्रोग्राम बनवणाऱ्या साधनाने) पकडला नाही, कारण संख्या दोन वेगळ्या जागी दोनदा लिहिलेली होती. टेस्टमध्येही तो दिसला नाही, कारण टेस्टच्या नियमांत २१ व्या रकान्यात 'काहीही चालेल' असं चिन्ह होतं. काहीही चालणार असेल तर ती किंमत वाचायची गरजच पडत नाही. ५ मार्चला पहिला नियम गेला, एप्रिलमध्ये आणखी तीन गेले, सगळे सुरळीत चालले. १९ जुलैच्या फाइलमध्ये दोन नवे नियम होते, आणि त्यातल्या एकाने पहिल्यांदाच २१ व्या रकान्यात खरी अट घातली. फाइल बाहेर सोडण्याआधी तपासणारा व्हॅलिडेटर होता, पण २१ किमती मिळतात हे त्यानेही गृहीत धरलं होतं. त्याने फाइल पास केली.

वीस खणांच्या अ‍ॅरेला ० ते १९ असे क्रमांक असतात. एकविसावी किंमत मागायची म्हणजे २० क्रमांकाचा खण उघडायचा, आणि तो खणच नाही. सी++ ही प्रोग्रामिंगची भाषा अशा वेळी अडवत नाही. त्या जागी मेमरीत जे काही पडलं असेल ते खरं मानून पुढे जाते. साध्या अ‍ॅपमध्ये हे झालं तर ते एक अ‍ॅप बंद पडतं आणि बाकी मशीन चालू राहतं. इथे कोड कर्नलमध्ये, म्हणजे विंडोजच्या अगदी गाभ्यात, होता. कर्नलमध्ये चुकीच्या पत्त्यावर वाचायला गेलं की विंडोज स्वतःला थांबवते, निळा स्क्रीन येतो. त्यात सेन्सरचा हा कर्नलमधला भाग, म्हणजे ड्रायव्हर, मशीन सुरू होतानाच चढतो. मशीन परत सुरू केलं की पुन्हा तेच.

७८ मिनिटांनी फाइल मागे घेतली. पण जे मशीन उठतच नाही ते दुरुस्त फाइल डाउनलोड कुठून करणार? मायक्रोसॉफ्टच्या अंदाजाप्रमाणे ८५ लाख मशीन अडकली होती. आपल्याकडे विमानतळांवर हाताने लिहिलेले बोर्डिंग पास द्यावे लागले. दुरुस्ती एकेका मशीनपाशी बसून करायची होती: सेफ मोडमध्ये जा, विंडोजच्या सिस्टीम ३२ मधल्या ड्रायव्हर्स फोल्डरात क्राउडस्ट्राइकचं फोल्डर उघड, सी-०००००२९१ ने सुरू होणारी फाइल डिलीट कर, रीस्टार्ट. बिटलॉकर (डिस्क कुलूपबंद करणारी विंडोजची सोय) लावलेला असेल तर त्याआधी ४८ आकडी रिकव्हरी की टाक. ज्या आयटी सपोर्टच्या मुलांनी दोन-दोन दिवस टेबलाटेबलावर जाऊन हे केलं, त्यांच्या कष्टांचा हिशेब कुणी ठेवला नाही याचं मला मनापासून वाईट वाटतं.

एका ओळीची मर्यादा-तपासणी हे वाचवू शकली असती: मागितलेला क्रमांक हातातल्या किमतींच्या संख्येपेक्षा लहान आहे का? नसेल तर तो नियम टाकून द्या आणि लॉगमध्ये लिहा. ही तपासणी नंतर घातली गेली. पण मला त्याहून महत्त्वाची वाटते ती दुसरी गोष्ट. व्हॅलिडेटर आणि प्रत्यक्ष चालणारा प्रोग्राम या दोघांनी रकान्यांची संख्या एकाच व्याख्येतून घ्यायला हवी होती. दोन ठिकाणी हाताने लिहिलेली एकच गोष्ट कधी ना कधी वेगळी होतेच. तुमच्याकडे एपीआयची (दोन प्रोग्राममधल्या देवाणघेवाणीची) रचना सर्व्हरवर एकदा आणि मोबाइल अ‍ॅपमध्ये पुन्हा एकदा हाताने टाइप केलेली असेल, तर हाच दोष तुमच्याकडेही आहे.

याच्या बारा वर्षं आधी, १ ऑगस्ट २०१२ ला, नाइट कॅपिटल ही अमेरिकी ब्रोकर कंपनी ४५ मिनिटांत ४६ कोटी डॉलरहून जास्त गमावून बसली. तिथे घात केला एका फ्लॅगने. ऑर्डरवर एक जुना फ्लॅग होता, २००३ पासून न वापरलेल्या 'पॉवर पेग' नावाच्या कोडसाठीचा. नव्या सोयीसाठी नवा फ्लॅग न घेता तोच परत वापरला. नवा कोड आठ सर्व्हरवर हाताने टाकायचा होता, एक राहिला. सगळे सर्व्हर झाले का हे बघायला दुसरा माणूस नव्हता आणि लेखी पद्धतही नव्हती. बाजार उघडला, आणि त्या आठव्या सर्व्हरवर फ्लॅगने मेलेला कोड जिवंत केला. ऑर्डर पूर्ण झाली की थांबायचं, हे सांगणारी मोजणी २००५ मध्येच दुसरीकडे हलवली होती. त्यामुळे तो थांबेना. बाजार उघडण्याआधीच 'पॉवर पेग' असा उल्लेख असलेल्या ९७ ईमेल यंत्रणेने आपोआप पाठवल्या होत्या, पण त्या अलर्ट म्हणून कुणी वाचत नसे. आणि गोंधळात टीमने काय केलं, तर बरोबर चाललेल्या सात सर्व्हरवरून नवा कोड काढून टाकला. मग आठही सर्व्हर तेच करू लागले.

म्हणून माझा आग्रह: न वापरलेला कोड डिलीट करा. 'राहू दे, लागेल कधी' म्हणून ठेवू नका. गिटमध्ये (कोडचा सगळा इतिहास ठेवणाऱ्या साधनात) तो आहेच, हवा तेव्हा परत काढता येतो. फ्लॅगचं नाव एकदा वापरलं की ते कायमचं खर्ची पडलं असं समजा.

एवढ्या मोठ्या गोष्टी आपल्या ऑफिसात होत नाहीत असं वाटत असेल तर एक साधी यामल फाइल (कॉन्फिग लिहायचा एक नेहमीचा प्रकार) उघडा. शाखांच्या यादीत पुण्याचा एसटीडी कोड ०२० असा अवतरणचिन्हांशिवाय लिहा आणि पायथॉनच्या नेहमीच्या यामल लायब्ररीने वाचा. हातात १६ येतात. ही लायब्ररी यामल १.१ चे नियम पाळते, आणि त्या नियमांत शून्याने सुरू होणारा आकडा अष्टमान पद्धतीचा (० ते ७ एवढेच अंक असलेला) मानला जातो. मुंबईच्या ०२२ चे १८ होतात, नागपूरच्या ०७१२ चे ४५८. गोव्याचा ०८३२ मात्र जसाच्या तसा राहतो, कारण त्यात ८ आहे आणि अष्टमानात ८ हा अंकच नाही, म्हणून लायब्ररी त्याला मजकूर समजते. टेस्ट पणजीच्या शाखेवर लिहिली असेल तर ती हिरवी दिसणार, आणि पुण्याचे फोन लागणार नाहीत. त्याच नियमांत अवतरणाशिवायचं इंग्रजी 'नो' म्हणजे खोटं, त्यामुळे देशांच्या यादीतला नॉर्वेचा दोन अक्षरी कोड गायब होतो. आवृत्ती १.१० लिहिली की ती १.१ होते. उपाय सोपा आहे: जे मोजायचं नाही ते अवतरणात लिहा, आणि फाइल वाचल्या वाचल्या प्रत्येक रकान्याचा प्रकार स्कीमाने (कुठे काय असावं ते सांगणाऱ्या व्याख्येने) तपासा. जुळला नाही तर प्रोग्राम सुरूच होऊ देऊ नका.

या शेवटच्या वाक्यावर अनेकांशी वाद होतो. "सर्व्हिस बंद पडण्यापेक्षा डीफॉल्ट किंमत घेऊन चालू दे ना!" मला हे अजिबात मान्य नाही. कॉन्फिग वाचता आलं नाही, चूक हाताळणारा कॅच ब्लॉक रिकामा, डीफॉल्ट घेतलं, आणि तीन आठवडे पेमेंट टेस्टच्या गेटवेकडे जात राहिलं, हे सुरुवातीलाच बंद पडण्यापेक्षा कितीतरी वाईट आहे. सुरू होताना पडलेली सर्व्हिस डिप्लॉय करणाऱ्याला (नवी आवृत्ती चढवणाऱ्याला) तिथल्या तिथे दिसते.

डेटाबेसचं तर विचारूच नका. "एक कॉलम वाढवलाय फक्त." पोस्टग्रेस या डेटाबेसमध्ये टेबलाची रचना बदलायची तर बहुतेक बदलांना त्या टेबलावर सगळ्यात कडक लॉक (बाकीच्यांना थांबवणारं कुलूप) लागतो. बदल स्वतः क्षणात होणारा असला तरी लॉक मिळायला थांबावं लागतं. कुणीतरी त्याच टेबलावर २० मिनिटांचा रिपोर्ट चालवत असेल तर तुमचा बदल त्याच्यामागे उभा राहतो, आणि तुमच्यामागे साध्या सिलेक्टसकट (नुसत्या वाचण्यासकट) बाकी सगळ्या क्वेरी रांगेत उभ्या राहतात. साइट बंद. म्हणून आधी लॉक टाइमआउट २-३ सेकंद ठेवा. मिळाला नाही तर सोडून द्या, थोड्या वेळाने परत प्रयत्न करा. इंडेक्स (शोध जलद करणारी सूची) घालायचा तर कन्करंटली, म्हणजे टेबलात लिहिणं न अडवता, घाला. कॉलमचं नाव एका फटक्यात कधीच बदलू नका. नवा रिकामा कॉलम वाढवा, कोड दोन्हीकडे लिहू दे, जुन्या ओळी पाच-पाच हजारांच्या तुकड्यांत भरून घ्या, दोन्हीकडचे आकडे जुळतात का बघा, मग वाचन नव्याकडे वळवा. जुना कॉलम त्यानंतरच्या एखाद्या रिलीजमध्ये काढा. वेळ लागतो, मान्य. पण यातल्या कुठल्याही टप्प्यावर कोड एक पाऊल मागे नेता येतो. नाव थेट बदललं तर कोड मागे जातो आणि डेटाबेस पुढेच राहतो.

टप्प्याटप्प्याने सोडण्याबद्दल सगळे बोलतात, पण बघायचं काय हे फार थोडे सांगतात. आधी स्वतःच्या कंपनीतली मशीन, मग १ टक्का, मग १०, मग उरलेली. दोन टप्प्यांत किमान इतका वेळ जाऊ द्या की मशीन एकदा तरी रीस्टार्ट होईल. आणि फक्त एररची संख्या बघू नका. मेलेलं मशीन एरर पाठवत नाही, त्यामुळे ग्राफवर सगळं शांत दिसतं. किती मशीन दर मिनिटाला 'मी आहे' असं कळवतात तो आकडा बघा. अपडेट घेतलेल्या गटात तो खाली आला की पुढचा टप्पा आपोआप थांबला पाहिजे, माणसाच्या परवानगीची वाट न बघता.

रोलबॅकची, म्हणजे जुन्या आवृत्तीवर परत जाण्याची, तालीम घ्या. कागदावरचा रोलबॅक आणि चालणारा रोलबॅक यांच्यातला फरक नाइट कॅपिटलने पाहिला. स्टेजिंगवर (प्रॉडसारख्या चाचणीच्या सिस्टीमवर) नवी आवृत्ती चढवा, त्यात थोडा डेटा लिहा, मग जुनी आवृत्ती परत आणा आणि तो नवा डेटा जुन्या कोडला वाचता येतो का ते बघा. बहुतेकदा अडकतं ते इथेच.

तुमच्या ऑफिसच्या बिटलॉकरच्या रिकव्हरी की कुठे ठेवल्यात ते या आठवड्यात आयटीला विचारा. त्या एखाद्या विंडोज सर्व्हरवर असतील आणि तो सर्व्हरही तेच सेन्सर चालवत असेल, तर मशीन आणि हा सर्व्हर दोन्ही एकाच वेळी पडतील. एक प्रत त्या नेटवर्कच्या बाहेर हवी, आणि ती कुणाकडे आहे हे रात्रपाळीच्या माणसालाही माहीत हवं.